सर्व्हरच्या इव्हेंटवर मशीनने स्वतःहून कधी हात घालायचा? इव्हेंट फिल्टर, सोप्या भाषेत

रात्री २ वाजून १० मिनिटांनी बॅकअप नीट पूर्ण झाला आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींच्या नोंदवहीत, एक साधी ओळ पडली, ‘बॅकअप पूर्ण, एरर ०’. मी तेव्हा जिथे काम करायचो तिथे मॉनिटरिंगमध्ये एक रूल होता, की या सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘एरर’ हा शब्द दिसला की ॲप्लिकेशनची सर्व्हिस रीस्टार्ट करायची. रूलला तो शब्द दिसला, त्याच्या पुढचा शून्य काही त्याला कळत नव्हता, त्याने रीस्टार्ट मारला. रीस्टार्टमुळे चालू कनेक्शन्स तुटली, मग ॲप्लिकेशनने लॉगमध्ये लिहिलं ‘कनेक्शन एरर’, रूलने तेही वाचलं आणि परत रीस्टार्ट. मग परत. पहाटे साडेपाचला कोणाचं तरी लक्ष जाईपर्यंत हे असंच चालू होतं, आणि सर्व्हरला मुळात काहीच झालेलं नव्हतं. तो रूल मीच लिहिला होता, ५ मिनिटांत, आणि लिहिताना माझं सगळं लक्ष रीस्टार्टच्या स्क्रिप्टवर होतं. स्क्रिप्ट उत्तम चालली. फिल्टर, म्हणजे ती कधी चालवायची हे ठरवणारी अट, चुकला होता.

तेव्हापासून मला हा विषय फार जवळचा वाटतो, कारण ऑटोमेशन म्हटलं की सगळे जण ॲक्शनबद्दल बोलतात, स्क्रिप्ट कशी लिहायची, कुठलं टूल घ्यायचं वगैरे, पण कुठल्या घटनेवर ती ॲक्शन सुटायची हे ठरवणं हेच खरं अवघड काम आहे आणि ते बहुतेक वेळा घाईघाईत उरकलं जातं.

आधी इव्हेंट म्हणजे काय ते बघू. इव्हेंट म्हणजे ‘काहीतरी घडलं’ एवढीच नोंद. कोणी लॉगिन केलं, डिस्क ८० टक्के भरली, केबल निघाली, केबल परत लागली, प्रिंटरचा कागद संपला, सगळे इव्हेंटच. चांगलं की वाईट हा पुढचा प्रश्न. आयटिल नावाची जी आयटी सर्व्हिस मॅनेजमेंटची पद्धत आहे त्यात इव्हेंटचे ढोबळ ३ प्रकार करतात: नुसती माहिती, वॉर्निंग, आणि एक्सेप्शन म्हणजे खरोखर काहीतरी बिनसलंय. यातला पहिला प्रकार प्रचंड मोठा असतो, जे काही रोज वाहत असतं त्यातलं बहुतेक सगळं तेच, आणि फिल्टरचं पहिलं काम म्हणजे हे सगळं पुढे जाऊ न देणं.

हे इव्हेंट येतात वेगवेगळ्या ठिकाणांहून. लिनक्स आणि नेटवर्कच्या उपकरणांकडून सिसलॉग नावाच्या पद्धतीने मेसेज येतात, विंडोजचा स्वतःचा इव्हेंट लॉग असतो, स्विच-राउटर एसएनएमपी ट्रॅप, म्हणजे काही घडलं की स्वतःहून एक छोटा मेसेज, पाठवतात. सिसलॉग १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेल सॉफ्टवेअरसाठी बनवला आणि पुढे सगळ्यांनीच उचलला, त्याचं आत्ताचं स्टँडर्ड, आरएफसी ५४२४, २००९ सालचं आहे. त्यात प्रत्येक मेसेजला ० ते ७ अशी सेव्हरिटी, म्हणजे गांभीर्याची पातळी, असते आणि ती उलटी असते हे लक्षात ठेवा, ० म्हणजे सगळ्यात गंभीर आणि ७ म्हणजे डीबग, फक्त प्रोग्रॅम तपासताना लागणारा बारीक तपशील. मेसेजच्या सुरुवातीला कोनी कंसात एक आकडा दिसतो, समजा ३४. त्याला ८ ने भागा, भागाकार ४ आणि बाकी २. तो ४ सांगतो की मेसेज लॉगिन-सिक्युरिटीच्या विभागातून आलाय आणि बाकी राहिलेला २ म्हणजे सेव्हरिटी, क्रिटिकल. एकदा हे हाताने करून बघितलं की तो आकडा पुन्हा कधी गूढ वाटत नाही.

आता इथे बहुतेक जण पहिली चूक करतात. सेव्हरिटी दिलेलीच आहे तर तिच्यावरच फिल्टर लावू, क्रिटिकल आणि एरर घ्या, बाकी सोडा. ऐकायला बरोबर वाटतं, पण ती सेव्हरिटी ठरवली कोणी? ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्याने, तुमच्या सिस्टिमची त्याला काहीच कल्पना नसताना. विंडोजची दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून बघा. इव्हेंट नंबर १००१६, डीकॉम (विंडोजमधल्या प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची सोय) याच्या परमिशनबद्दलचा, तो एरर किंवा वॉर्निंग म्हणून कित्येक मशीनवर रोज पडत असतो आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की याकडे दुर्लक्ष करा, हे मुद्दामच असं बनवलंय, नको असेल तर हा घ्या फिल्टर. आणि दुसरा, नंबर ११०२. त्याचा अर्थ कोणीतरी सिक्युरिटी लॉग पुसून टाकलाय. घुसखोर मागच्या खुणा मिटवताना नेमकं हेच करतो. या इव्हेंटची लेव्हल काय असते? माहिती. म्हणजे सेव्हरिटीवर फिल्टर लावणाऱ्याकडे १००१६ दिवसभर येत राहणार आणि ११०२ कधीच दिसणार नाही.

त्यामुळे साधा फिल्टरसुद्धा निदान ३-४ गोष्टी एकत्र बघून लावायचा. कुठल्या मशीनवरून आला, कुठल्या प्रोग्रॅमने लिहिला, इव्हेंटचा नंबर काय, आणि मजकुरातला नेमका कुठला भाग. माझ्या त्या रूलमध्ये यातलं फक्त मशीन होतं आणि एक मोघम शब्द, बॅकअपच्या प्रोग्रॅमने लिहिलंय की ॲप्लिकेशनने हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.

मग येतात वगळायचे फिल्टर, म्हणजे ‘हे सगळं घे पण अमुक सोड’. सोयीचे असतात, आणि म्हणूनच जपून वापरायचे. टेस्टिंगचा एखादा सर्व्हर खूप आरडाओरडा करतो म्हणून कोणीतरी त्याचं नाव वगळायच्या यादीत टाकतं, दीड वर्षाने तो सर्व्हर बंद होतो, तेच नाव नव्या मशीनला मिळतं, आता त्यावर खरंखुरं काम चालतं, आणि त्याचा एकही अलर्ट कोणापर्यंत पोचत नाही. वगळलेल्या प्रत्येक ओळीपुढे कोणी टाकली, का टाकली आणि कधी काढायची ही तारीख हवीच. माझं यावर ठाम मत आहे, तारीख नसेल तर ती ओळ घेऊच नये.

खरी मजा सुरू होते ती मोजणीपासून. एक चुकीचा पासवर्ड म्हणजे काहीच नाही, माणूस चुकतो. पण १० मिनिटांत २०० चुकीचे पासवर्ड म्हणजे कोणीतरी दार ठोठावतंय. म्हणून थ्रेशोल्ड लावतात, इतक्या वेळात इतके इव्हेंट आले तरच पुढे जा. फेल-टू-बॅन हे लिनक्सवरचं टूल नेमकं हेच करतं, मूळ सेटिंगमध्ये १० मिनिटांत ५ चुका झाल्या की तो आयपी ॲड्रेस, म्हणजे समोरच्याचा इंटरनेटवरचा पत्ता, १० मिनिटांसाठी ब्लॉक. साधं आहे आणि बऱ्यापैकी कामाचं आहे. पण जरा खोलात जाऊन बघा. हल्ला करणाऱ्याने दर ३ मिनिटांनी एकच प्रयत्न केला तर? १० मिनिटांच्या खिडकीत त्याचे जास्तीत जास्त ४ प्रयत्न बसतात, ५ कधीच होत नाहीत, तो आठवडाभर निवांत प्रयत्न करू शकतो आणि फिल्टरला पत्ताही लागत नाही. आणि याच्या उलट बाजूला, एका ऑफिसमधले १०० लोक बाहेर एकाच पब्लिक आयपीने दिसतात, त्यातल्या एकाने पासवर्ड बदलला पण त्याच्या फोनमध्ये जुनाच सेव्ह आहे, फोन बिचारा परत परत तोच पाठवतोय, ५ चुका झाल्या, आणि सगळं ऑफिस बाहेर. हल्लेखोर सुटला आणि घरचीच माणसं अडकली. थ्रेशोल्डचा आकडा कोणीतरी दिलाय म्हणून तसाच ठेवायचा नसतो, तो कोणाला पकडेल आणि कोणाला सोडेल हे दोन्ही बाजूंनी कागदावर मांडून बघायचं, आणि आपली स्वतःची ओळखीची ठिकाणं आधीच वगळून ठेवायची, त्यासाठी फेल-टू-बॅनमध्ये वेगळी सेटिंग आहे.

मोजणीचाच भाऊ म्हणजे कालावधी. सीपीयू ९५ टक्क्यांवर गेला, बरं मग? १० सेकंदांसाठी गेला असेल तर कोणतंतरी काम जोरात चाललं होतं, छानच आहे, त्यासाठीच तर सीपीयू घेतलाय. तोच १५ मिनिटं तिथे अडकून बसला तर बघायला हवं. नागिऑस या मॉनिटरिंगच्या टूलमध्ये यासाठी सॉफ्ट आणि हार्ड अशा दोन अवस्था आहेत, पहिल्यांदा चेक फेल झाला की सॉफ्ट, ठरवलेल्या वेळा लागोपाठ फेल झाला तरच हार्ड, आणि मेसेज जातो तो हार्ड झाल्यावर. प्रोमेथियस या तशाच दुसऱ्या टूलमध्ये रूललाच सांगता येतं की ही अट इतकी मिनिटं सलग खरी राहिली तरच अलर्ट कर. आणि एखादी गोष्ट सारखी खाली-वर करत असेल, बंद-चालू-बंद-चालू, त्याला फ्लॅपिंग म्हणतात, नागिऑस त्यासाठी शेवटचे २१ निकाल जवळ ठेवतो आणि त्यात किती वेळा अवस्था बदलली ते मोजतो. तुम्ही स्वतः स्क्रिप्ट लिहिणार असाल तर एक साधी युक्ती सांगतो, चालू व्हायचा आकडा आणि थांबायचा आकडा वेगळा ठेवा. डिस्क ९० टक्के झाली की अलर्ट उठेल, पण ८० च्या खाली आल्याशिवाय मिटणार नाही. नाहीतर ८९-९१-८९-९१ असं होत रात्रभर मेसेज येत राहतात.

डुप्लिकेट गाळणं यावर फार लिहीत नाही, एकच गोष्ट ५०० वेळा आली तर एकदाच पुढे पाठव आणि किती वेळा आली तो आकडा सोबत दे, एवढंच. फक्त तो आकडा फेकून देऊ नका, ३ वेळा आणि ३००० वेळा यातला फरक नंतर शोधताना लागतो.

पण एका इव्हेंटचा दुसऱ्याशी असलेला संबंध, कोरिलेशन म्हणतात ते, त्याबद्दल सविस्तर सांगितलंच पाहिजे. कल्पना करा, एका मुख्य स्विचमागे ४० सर्व्हर आहेत. स्विच गेला. मॉनिटरिंगच्या दृष्टीने ४१ उपकरणं गायब झाली आणि ४१ इव्हेंट आले, बिघाड मात्र एकच. आता कोणीतरी चांगल्या हेतूने रूल लावलाय की सर्व्हर ३ मिनिटं उत्तर देत नसेल तर त्याला पॉवरवरून रीबूट कर, आणि पॉवरचं कंट्रोल वेगळ्या नेटवर्कवर असल्यामुळे ती कमांड अगदी व्यवस्थित पोचते. काय होईल? ४० ठणठणीत सर्व्हर, ज्यांच्यावर काम चालू होतं, डेटाबेस लिहीत होते, ते सगळे एकदम रीबूट. एका स्विचची अडचण होती, तिची ४० ठिकाणची अडचण झाली. म्हणून फिल्टरला कोण कोणाच्या मागे आहे हे माहीत असायला लागतं, वरचा गेला असेल तर खालच्यांचे इव्हेंट दाबून ठेव. नागिऑसमध्ये हे पेरेंट म्हणून सांगतात, प्रोमेथियसच्या अलर्टमॅनेजरमध्ये इन्हिबिशन म्हणून. आणि इतकं सगळं मांडायला वेळ नसेल तर निदान एक ढोबळ कुंपण घाला: एकाच वेळी ३ पेक्षा जास्त सर्व्हरना रीबूट करायची वेळ आली तर एकालाही करू नकोस, माणसाला उठव. एकदम खूप जण आजारी पडले तर कारण बहुधा त्यांच्या बाहेर असतं.

हे काल्पनिक वाटत असेल तर गिटहब या प्रोग्रॅमचे कोड ठेवायच्या वेबसाइटचं २०१८ चं उदाहरण बघा, त्यांनी स्वतःच सगळा तपशील जाहीर केलाय. २१ ऑक्टोबरला नेटवर्कचं एक नेहमीचं मेंटेनन्स चालू असताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या मुख्य डेटासेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. फक्त ४३ सेकंद. पण डेटाबेस सांभाळणाऱ्या ऑटोमॅटिक यंत्रणेने तेवढ्यात ठरवलं की पूर्वेकडचा प्रायमरी, म्हणजे नवीन डेटा ज्यात लिहिला जातो तो मुख्य डेटाबेस, गेला, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला प्रायमरी केलं. पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांत जे लिहिलं गेलं होतं ते पश्चिमेकडे पोचलेलं नव्हतं आणि पश्चिमेकडे आता नवीन लिहिलं जात होतं, म्हणजे दोन्हीकडे असा डेटा जो दुसरीकडे नाही, मागेही फिरता येईना. सर्व्हिस पूर्ण नीट व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. यंत्रणा बिघडली नव्हती बरं का, तिला जसं सांगितलं होतं तसंच ती वागली.

आणि इथेच मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते येतं. फिल्टर किती कडक ठेवायचा हे इव्हेंट किती गंभीर दिसतोय त्यावरून ठरवू नका, त्यावर होणारी ॲक्शन चुकून झाली तर किती महागात पडेल त्यावरून ठरवा. सर्व्हर हळू चाललाय असा संशय आला की त्या क्षणाची प्रोसेसची यादी आणि मेमरीची अवस्था फाइलमध्ये सेव्ह करून ठेवायची असेल तर फिल्टर खुशाल ढिला ठेवा, चुकून १० वेळा झालं तरी १० फाइली पडतील, बस. टिकीट उघडायचं असेल तर थोडा घट्ट, कारण फुकटची टिकिटं आली की लोक वाचायचं सोडून देतात, लांडगा आला रे आला होतं. सर्व्हिस रीस्टार्ट करायची तर अजून घट्ट. एखाद्याला ब्लॉक करायचं, डेटाबेस दुसरीकडे न्यायचा, फाइली डिलीट करायच्या, इथे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट कळल्याशिवाय हलायचं नाही, आणि डिलीटच्या बाबतीत तर मी म्हणतो, आधी बाजूला हलवा, आठवड्याने पुसा. तोच इव्हेंट, पण तीन ॲक्शनसाठी तीन वेगळे फिल्टर, यात काहीही गैर नाही, उलट तसंच असायला पाहिजे.

याचा अर्थ भीतीपोटी सगळंच बंद ठेवा असा मात्र नाही. २०१३ च्या शेवटी टार्गेट या अमेरिकन दुकानांच्या साखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा नंतर आलेल्या बातम्यांमधून कळलं की त्यांच्या सिक्युरिटी यंत्रणेने तो मालवेअर वेळेत ओळखून अलर्ट दिले होते, आपोआप काढून टाकायची सोयही होती, पण ती बंद ठेवलेली होती आणि अलर्टवर वेळेत काही झालं नाही. बंद ठेवणारे लोक मूर्ख नसतात, चालू काम ऑटोमॅटिक ॲक्शनने मोडेल ही भीती खरी असते. पण मग अलर्ट वाचून निर्णय घेणारं माणूस तिथे नक्की असायला हवं.

अजून एक गोष्ट जी फिल्टर लिहिताना हमखास सुटते. शांतता हासुद्धा इव्हेंट असतो. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात वीज गेली, जवळपास ५ कोटी लोक अंधारात, त्यात ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या कंट्रोल रूममधलं अलार्मचं सॉफ्टवेअर दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी बंद पडलं होतं आणि तिथल्या ऑपरेटरना ते कळलंच नाही. लाइनी एकामागून एक जात होत्या, स्क्रीन शांत. तुमच्याकडे हेच लहान प्रमाणात होतं, सिसलॉग बऱ्याच ठिकाणी अजून यूडीपी या नेटवर्कवर मेसेज पाठवायच्या साध्या पद्धतीने (पोर्ट ५१४ वरून) जातो, त्यात पोचल्याची पावती नसते, नेटवर्क कोंडलं की मेसेज गुपचूप गळतात आणि नेटवर्क कोंडलेलं असतं तेव्हाच तुम्हाला ते मेसेज हवे असतात. म्हणून उलटा फिल्टर लावून ठेवा: बॅकअप पूर्ण झाल्याचा मेसेज पहाटे ४ पर्यंत आला नाही तर अलर्ट, प्रत्येक सर्व्हरकडून दर ५ मिनिटांनी ‘मी आहे’ असा मेसेज, तो दोनदा चुकला तर अलर्ट. न आलेल्या गोष्टीची वाट बघायची असल्यामुळे हा रूल लिहायला जरा किचकट जातो, पण माझ्या अनुभवात असे रूल सगळ्यात जास्त उपयोगी पडले.

नवीन फिल्टर थेट चालू करू नका हे तर सांगायलाच हवं. आधी जुन्या महिनाभराच्या लॉगवर चालवून बघा, किती वेळा लागला असता, त्यातले किती बरोबर. मग २ आठवडे नुसता ‘मी आत्ता रीस्टार्ट केलं असतं’ एवढंच लिहू द्या, प्रत्यक्षात काही करू देऊ नका. मेंटेनन्स चालू असेल तेव्हा रूल आपोआप गप्प बसले पाहिजेत आणि ठरलेल्या वेळेला आपोआप परत जागे झाले पाहिजेत, हाताने गप्प केलेला रूल हाताने जागा करायला लोक विसरतात. आणि ॲक्शनला मर्यादा हवीच. लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा सिस्टिमडीसुद्धा मूळ सेटिंगमध्ये १० सेकंदांत ५ वेळा सर्व्हिस सुरू करून बघतो आणि मग नाद सोडतो, ते उगाच नाही.

माझा तो रूल मी नंतर परत लिहिला. फक्त त्या ॲप्लिकेशनचा लॉग, ‘एरर’ शब्दाऐवजी डेटाबेस कनेक्शन मिळालं नाही हे सांगणारा नेमका मेसेज, ५ मिनिटांत ३ वेळा आला तरच. रीस्टार्टनंतरची २ मिनिटं काहीही आलं तरी दुर्लक्ष, म्हणजे स्वतःच केलेल्या आवाजाला स्वतःच दचकायला नको. तासात २ पेक्षा जास्त रीस्टार्ट नाहीत, तिसऱ्यांदा वेळ आली तर ऑन-कॉल माणसाला फोन. आणि रीस्टार्टच्या आधी, हे महत्त्वाचं, त्या क्षणी कुठली कनेक्शन्स उघडी आहेत त्याची यादी फाइलमध्ये. ७ आठवड्यांत तो ४ वेळा लागला, चारही वेळा बरोबर. त्या ४ फाइली शेजारी ठेवून बघितल्या तर चारही वेळा एकाच रिपोर्टने घेतलेली कनेक्शन्स परत दिलेली नव्हती, उघडीच पडलेली. डेव्हलपरला दाखवल्या, त्याने त्या रिपोर्टच्या कोडमध्ये २ ओळी बदलल्या, आणि त्यानंतर ३ महिने रूल एकदाही लागला नाही म्हणून तो आम्ही काढून टाकला.